प्रणित कुठे आहे

बायजाच्या ओटीवर दर रविवारी सकाळी सभा भरायची आणि गेलं वर्षभर त्या सभेत एकाच गोष्टीवरून भांडण चाललं होतं. भांडण म्हणायचं नाही, असं पास्टर हितेशने सगळ्यांना बजावलं होतं. चर्चा म्हणायची. तर चर्चा अशी, की तारण, म्हणजे मेल्यावर देवाघरी जागा, नेमकं कुणासाठी आहे? देवाने जग करायच्या आधीच आपली माणसं निवडून ठेवलीत, की तो सगळ्यांनाच बोलावतो आणि ज्याला यायचं तो येतो? पेण-रोहे पट्ट्यातले येशूचे विश्वासी ते किती, एका टेंपोत मावतील एवढे. कुणी धाटावला कंपनीत कंत्राटी, कुणाची गडब गावाजवळ हायवेवर टपरी. एरवी आजारपणाची आणि पोरांच्या परीक्षांची प्रार्थना करून मुकाट घरी जाणारी माणसं. पण या प्रश्नाने त्यांच्यात दोन तट पडले, ते ओटीच्या दोन टोकांना बसायला लागले, आणि एका तटाने कप खाली ठेवल्याशिवाय दुसरा चहाला उठेना. चहा दोनदा करावा लागायचा.

तो चहा बायजा करायची. या प्रश्नाचं उत्तर त्या सगळ्यांपेक्षा तिला जास्त हवं होतं, आणि नेमकं तिलाच कुणी काही विचारत नव्हतं. तिचा मुलगा प्रणित गेल्या वर्षी गणपतीनंतर हायवेवरच्या अपघातात गेला. तो आता कुठे आहे, एवढंच तिला कळायला हवं होतं.

घर खांब गावचं, हायवे सोडून शेताकडे वळणाऱ्या रस्त्यावर. एका छपराखाली दोन बिऱ्हाडं आणि मध्ये भिंत. अलीकडे थोरला रघू आणि त्याची बायको बायजा, पलीकडे धाकटा हैबतराव आणि त्याची गोदूबाई. पावसात भात, भातामागून वाल, शेत दोघांचं एकत्रच. रघूला दारूने आतून पोखरलं आणि तो अलिबागला सरकारी दवाखान्यात पडला. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला बघायला तेव्हा पेणच्या खाडीकडचा एक म्हातारा यायचा, कान्हू. सगळा जन्म मिठागरात गेलेला, टाचांना ह्या एवढ्या भेगा. तो आपल्या माणसासाठी प्रार्थना करायचा आणि जाता जाता रघूच्याही डोक्यावर हात ठेवायचा. रघू काही बरा झाला नाही. बायजा तरीही सभेला जायला लागली. का, असं गोदूबाईने विचारलं तेव्हा ती म्हणाली, इतक्या दिवसांत जवळ येऊन बसला असा तो एकच माणूस. पुढे सभा तिच्याच ओटीवर भरायला लागली.

कान्हू सभेतला वडीलधारा, आणि साक्ष द्यायला उभा राहिला की तो हटकून रघूचं सांगायचा. शेवटच्या दिवशी मी त्याला विचारलं, येशूला मानतोस काय, आणि त्याने मान हलवली. आता रघूची मान त्या दिवसांत अखंड हलतच होती, पंख्याकडे, सलाईनकडे, भिंतीकडे. पण बायजाने ते कधी बोलून दाखवलं नाही. तेवढ्या मानेवर रघूचं भागलं असेल तर आपण कशाला मोडता घाला, असं तिला वाटायचं.

प्रणितचं तसं नव्हतं. तो कान देऊन ऐकणारा होता. धाटावला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर, शिफ्टमध्ये मोबाईलवर शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचा, आणि सभेत शेवटच्या रांगेत बसून मधूनच असा काही प्रश्न विचारायचा की कान्हूकाका हसून म्हणायचा, "ह्याचा उत्तर पास्टर देतील." गेल्या वर्षी श्रावणात त्याने ठरवलं की आपण बुडी घ्यायची. म्हणजे बाप्तिस्मा, पण कुंडलिका नदीच्या पाण्यात उभं राहून डोक्यावरून पाणी गेलं की सभेतले सगळे त्याला बुडीच म्हणत.

अडचण होती ती गणपतीची. दोघा भावांचा गणपती एकच आणि तो बसायचा थोरल्याकडे, रघूच्या माजघरात. पेणहून मूर्ती आणायची थोरल्याने, पाटावर पूजेला बसायचं थोरल्याने. रघूमागे तो मान प्रणितकडे आला. बायजा सभेला जायला लागल्यापासून त्या दिवसांत मागच्या पडवीत वेगळी चूल मांडायची आणि नैवेद्याला हात लावायची नाही. मोदक गोदूबाई करायची. हैबतरावाने त्यावरून कधी ब्र काढला नाही. एवढंच म्हणाला होता, "वयनी, तुमचा देव तुमच्यापाशी. पण पाटावर थोरल्याचाच पोर बसंल. मी धाकटा हाय, माझ्या हातचं चालायचं नाय." आणि सभेचा नियम असा, की एकदा बुडी घेतली की मूर्तीपुढे बसायचं नाही. हैबतराव पाटावर बसणार नाही, आणि प्रणित बुडी घेऊन पाटावर बसू शकणार नाही.

"आई, मी येत्या रविवारी घेतो बुडी," प्रणित म्हणाला. "काकाला सांगतो, औंदापासून गणपती तुझ्याकडं ने."

बायजा बिरडं सोलत बसली होती. हायवेवरच्या खानावळींना ती वाल भिजवून, मोड आणून, सोलून देते. दाणा चिमटीत धरून दाबला की सालातून टुणकन बाहेर येतो. वर न बघता ती म्हणाली, "औंदा बसव. मूर्ती सांगून झालेय पेणला. ऐन वेळेला काकाचा जीव दुखवू नको. गणपती होऊ दे नं मग घे, देव काय पळून चाललाय?"

"बरं," प्रणित म्हणाला. आईचं ऐकणारा मुलगा, त्याने ऐकलं.

गणपती बसला. प्रणित सोवळं नेसून पाटावर बसला, हैबतराव शेजारी उभा राहून त्याच्या हातात फुलं देत होता. गौरी आल्या, गेल्या, विसर्जन झालं. बुडीसाठी पुढचा रविवार ठरला. त्या रविवारच्या आधी एका सकाळी रात्रपाळी करून प्रणित धाटावहून घरी यायला निघाला, आणि कोलाड मागे टाकून खांबच्या अलीकडे आला असताना एका कंटेनरने त्याला मागून उडवलं. घर तिथून दिसतं.

अग्नी हैबतरावाने दिला. कान्हूच्या मनात होतं की आपल्या रीतीने माती द्यावी, आणि तसं त्याने बायजाला विचारलंही. ती काहीच बोलली नाही. ती काही बोलत नाही म्हटल्यावर ज्याचा हात आधी पुढे झाला त्याचं झालं.

तेव्हापासून बायजाला काही वाटेनासं झालं. म्हणजे दुःख झालं, ऊर फुटून रडली, असं काहीच नाही. लोक समाचाराला येत, गळ्यात पडून रडत, आणि ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवी, त्यांचाच कुणी गेल्यासारखा. आमटीत मीठ घातलंय की नाही हे तिला चाखून कळत नसे. एकदा तवा उचलताना बोट चांगलं भाजलं, तेही गोदूबाईने फोड बघितला तेव्हा तिच्या ध्यानात आलं. गोदूबाई म्हणाली, "रडा हो एकदा मोकळ्या होऊन." बायजाने प्रयत्न करून बघितला. रडू काही आलं नाही. बिरडं मात्र ती सोलत राहिली, बोटांना ते पाठ होतं.

आणि सभेतली ती चर्चा सुरू झाली तीही प्रणितमुळेच, हे आता तिथे कुणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं. तो गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी कान्हू सांत्वनाला उभा राहिला. म्हणाला, "देवाचा दार आपल्या प्रणितसाठी शेवटपर्यंत उघडा होता. गनपती झाल्यावर तो येनार होता." सांत्वन म्हणून काही वाईट नव्हतं. पण सभा संपल्यावर हितेश त्याला बाजूला घेऊन म्हणाला, काका, हे शिक्षण बरोबर नाही. हितेश रोह्याचा, रिक्षावाल्याचा मुलगा. कान्हूनेच त्याला लहानपणी शास्त्राची गोडी लावलेली. नंतर तो पुण्याला शिकून पास्टर होऊन आला. शिकून आलेल्याचं एक असतं, त्याला चूक दिसली की खाज सुटल्यासारखं होतं.

पुढच्या रविवारी हितेश निवडीवर बोलला. "धाटावला गेटवर सकाळी किती जण उभे असतात, माहिती आहे ना? सुपरवायझर येतो आणि बोट करतो, तू, तू आणि तू. ज्याच्याकडे बोट झालं तो म्हणू शकतो का, की मी माझ्या हिमतीवर आत आलो? देवाचंही तसंच आहे. आपण त्याला निवडत नाही, तो आपल्याला निवडतो. तेही आपण जन्मायच्या आधीच. म्हणून त्याला कृपा म्हणायचं."

"नं बाकीच्यांचा काय?" ओटीच्या दुसऱ्या टोकाकडून कान्हूने विचारलं.

"बाकीचे घरी जातात. त्यांना कामावर घ्यायचं कुणावर बंधन नव्हतं."

त्याच्या पुढच्या रविवारी कान्हू उभा राहिला. "मी अडानी मानूस, मना मिठागराचा कलतो. भरतीचा पानी येतो तो सगल्यांच्या बांधाला लागतो. समिंदर असा बोलत नाय, की ह्याचे आगरात जाईन नं त्याचे नाय. तू बांधाची उघाडी वर कर, पानी आत आला. नाय केलीस, तं तुझा आगर सुका. दोस समिंदराचा नाय."

दोघांचंही लोकांना पटायचं. ज्याचं ज्या रविवारी ऐकलं ते त्या रविवारी पटायचं, मग हळूहळू माणसं आपापल्या टोकाला घट्ट झाली. आगर आणि गेट, गेट आणि आगर. वर्षभर तेच दळण. वेळ आली की आवाज चढायचे, मग कुणीतरी म्हणायचं, आता प्रार्थना करू या, आणि प्रार्थनेतसुद्धा दोन्ही तट देवाला आपापली बाजू समजावून सांगायचे. बायजा आतून चहा घेऊन यायची.

तिने दोघांनाही एकेकट्याला गाठून विचारलं होतं. कान्हू एकदा मधल्या वारी एसटीने आला, तिच्या समोर बसून वाल सोलू लागला. तिने विचारलं, "काका, माझा प्रणित कुठं हाय?"

कान्हूचे हात थांबले. "मी तुज्याशी खोटा कसा बोलू, बाय? देवाला तो पायजे होता. मना ठाव हाय, पायजे होता. दार सताड उघडा होता. पन तो बोलला, नंतर येतो. नं नंतर मूर्तीपुढं जाऊन बसला. ज्याला ठाव नसतो त्याची गोस्ट येगली. ह्याला सगला ठाव होता."

"नंतर म्हणजे गणपतीनंतर."

"व्हय."

ते "नंतर" कुणाचं होतं हे कान्हूला माहीत नव्हतं. बायजाने सांगितलंही नाही. तिने त्याला चहा दिला, तो एसटीला गेला.

मग हितेशला विचारलं. तो मोटरसायकलला किक मारत होता, ती त्याने बंद केली. मनाने तो वाईट नव्हता. "मावशी, एक गोष्ट नक्की सांगतो," तो म्हणाला. "देवाने ज्याला निवडलं त्याला कुणी अडवू शकत नाही. मूर्ती नाही, चुलता नाही, आईसुद्धा नाही. कुणाच्या बोलण्याने देवाचं माणूस देवाच्या हातून सुटत नाही."

बायजाने विचारलं, "मग माझ्या प्रणितला निवडलेला?"

"ते देवाला ठाऊक."

"बुडी घेतली असती तं कळला असता?"

"खूण दिसली असती."

"नं आता?"

"आता आपल्यापाशी खूण नाही, मावशी," असं म्हणून हितेशने खाली बघितलं.

म्हणजे हिशेब असा होता. कान्हूचं खरं, तर देवाला प्रणित हवा होता आणि बायजाने त्याला दारात थांबवून धरलं. हितेशचं खरं, तर बायजाच्या हातून काहीच बिघडलं नव्हतं, पण मग प्रणित जन्मायच्या आधीपासून नकोच असेल. स्वतःला सोडवायचं तर पोराला नकोसा म्हणायचं, आणि पोर देवाचं लाडकं म्हणायचं तर त्याला बुडवणारी आपण. रविवारामागून रविवार ती दोन्ही बाजू ऐकत होती आणि आपल्याला यातलं काय खरं असायला हवंय, हेच तिला ठरवता येत नव्हतं. ठरवायला काहीतरी वाटावं लागतं.

असं वर्ष सरलं. औंदाचा गणपती हैबतराव आपल्या बाजूला घेऊन गेला आणि स्वतः पाटावर बसला, धाकटा असून. दुसरं करणार काय. मग पितृपक्ष लागला. पक्षातल्या एका दुपारी गोदूबाई मागच्या दाराशी येऊन म्हणाली, "सर्वपित्रीला आपल्या सगळ्यांचं पान घालतो नं, त्यात औंदा प्रणितचं पण नाव घेणार म्हणतायत हे. तुमच्यात चालत नाय ते ठाव हाय. पण सांगितलेलं बरं."

"घ्या," बायजा म्हणाली.

गोदूबाई गेली आणि बायजाच्या डोक्यात एक विचार आला. वर्षात पहिल्यांदा आपणहून आलेला विचार. हैबतराव इथे बसून त्याच्या नावाने घास ठेवणार आणि तो त्याला पोचणार. मेलेल्याचं जिवंताने करायचं असतंच. बापाचं मुलगा करतो, मुलाचं बाप करतो, कुणी नसेल तर भाऊबंद करतात. हे तिने जन्मापासून बघितलेलं. मग बुडीच तेवढी राहिली आहे ना त्याची, ती आपण घ्यायची. आपली एकदा झाली आहे, दुसरी त्याच्या नावाने. एवढी साधी गोष्ट वर्षभर कशी सुचली नाही, याचंच तिला नवल वाटलं.

त्या रविवारी चहा आत तसाच ठेवून ती ओटीवर आली. गेटाचं आणि आगराचं चाललंच होतं. ती मध्ये उभी राहिली तशी दोन्ही टोकं गप्प झाली. ती सभेत कधी बोलत नसे.

"मी प्रणितच्या नावानं बुडी मारू काय?" ती म्हणाली.

"नाही," हितेश म्हणाला.

"नाय, बाय," कान्हू म्हणाला.

दोघांचे शब्द एकदमच बाहेर पडले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग हितेशने समजावून सांगायला सुरुवात केली, की मावशी, मेलेल्यांसाठी बाप्तिस्मा घेण्याचा उल्लेख शास्त्रात एका ठिकाणी येतो खरा, पण मंडळीने, म्हणजे चर्चने, ते कधी धरलेलं नाही. ज्याचं त्याने जिवंतपणी करायचं असतं, दुसऱ्याचं आपण नाही करू शकत. कान्हू मान डोलवत होता. "पास्टरचा बरोबर हाय," तो म्हणाला. "तसा असता तं आपल्यात नं पिंड ठेवनाऱ्यांत फरक काय रायला?" हितेश म्हणाला, काकांनी अगदी योग्य शब्दांत सांगितलं. एका टोकाकडून कुणीतरी आमेन म्हणालं, दुसऱ्या टोकाकडूनही आलं. वर्षभरात प्रथमच ओटीवर एकमत झालं होतं आणि सगळ्यांचे चेहरे उजळले. त्या दिवशी गाणं एका सुरात झालं. हितेशने कान्हूचा हात धरून ऐक्यासाठी देवाचे आभार मानले, तेव्हा म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

बायजा आत गेली. दूध उतू जाऊन शेगडीवर पसरलं होतं. तिने ते पुसलं आणि चहा गाळला. त्या रविवारी एकदाच केलेला चहा सगळ्यांना पुरला.

सर्वपित्रीला ऊन कडक पडलं होतं. पलीकडे सकाळपासून वडे तळल्याचा वास येत होता. बायजा आपल्या पडवीत वाल निवडत बसली होती, तोच गोदूबाई पुन्हा मागच्या दाराशी आली. तिच्या हाताला पीठ तसंच होतं.

"वयनी, जरा येता काय? हे जेवत नायत. पान वाढून ठेवलंय, नुसते बसून हायत बघत. तुम्हाला हाक मार म्हणाले."

बायजा गेली. हैबतराव मागच्या पायरीवर बसला होता. पुढ्यात वाढलेलं पान, वडे, खीर, भोपळ्याची भाजी. कुणी शिवलेलं नव्हतं. समोर गोठ्याच्या पत्र्यावर कावळ्यासाठी ठेवलेल्या पानात मात्र शितंसुद्धा उरली नव्हती.

"घास घेतला की कावळ्यानं," बायजा म्हणाली. "मग तुम्ही का बसलात उपाशी, भावजी?"

"कावळा सगळ्यांचंच खातो," हैबतराव म्हणाला. "त्यावरनं काय कळतंय?"

गोदूबाई आत गेली, मुद्दामच गेली. हैबतराव पानाकडे बघत म्हणाला, "वयनी, एक विचारतो. तुमची ती माणसं येतात नं रविवारची. मोठ्यानं बोलतात तेवढं भिंतीतनं मला ऐकायला येतं. वर्षभर ऐकतोय. मी मुद्दाम नाय ऐकत. येतं ते येतं."

"बरं मग?"

"तो खाडीकडचा म्हातारा बोलतो, दार उघडं होतं. प्रणित जाणार होता, पण गणपतीपायी रायला." हैबतरावाने पंच्याच्या टोकाने तोंड पुसलं. "त्याला पाटावर मी बसवला. मला माझ्या हातानं बसवता आला असता. औंदा बसवलाच की. कुठं काय कोसळलं? पण मी धाकटा, मी धाकटा करत बसलो. पोर माझ्या शब्दाखातर थांबला नं तिकडनं पण गेला. तुमच्यात त्याला जागा नाय म्हणतात, ती माझ्यामुळं काय?"

बायजा उभी होती. तिला सांगता आलं असतं, की भावजी, तुम्ही नाही, थांब मी म्हणाले. ते खरंच होतं. पण ते सांगून त्याचा प्रश्न सुटणार नव्हता. पोर आतच गेलं नाही हे तसंच राहणार होतं, फक्त थांबवणारे एकाचे दोन झाले असते. हैबतराव वर बघत नव्हता. त्याची मान लहान पोरासारखी खाली होती. या माणसाने वर्षभर भिंतीपलीकडे बसून तेच ऐकलं होतं जे आपण ऐकलं, आणि आपण निदान चहा करायला तरी उठत होतो, असं तिच्या मनात आलं.

"नाय," ती म्हणाली. "तुमच्यामुळं नाय."

"मग?"

"देव ज्याला घेतो त्याला आधीच घेतो, भावजी. आपण जन्मायच्या पण आधी. त्याला कोण अडवत नाय. तुमचा पाट नाय अडवत, गणपती नाय अडवत." बायजा थांबून थांबून बोलत होती, पाठ केलेलं आठवल्यासारखं. "नं बोलावतो तो सगळ्यांना. कुणाला वगळत नाय. प्रणितला त्यानं घेतलेलाच होता. तो पाटावर बसला तेव्हा पण तो त्याचाच होता."

हैबतरावाने मान वर केली. "म्हणजे हाय तो तिकडं?"

"हाय."

"नक्की?"

"नक्की."

त्याच्या कपाळाला आठी पडली. शेतकरी माणूस, त्याला सगळं दोनदा तपासून घ्यायची सवय. "पण मला तसं कधी ऐकायला नाय आलं. तुम्हाला कोण बोललं हे? म्हातारा का पास्टर?"

"दोघंपण बोलले," बायजा म्हणाली. "हळू बोलले. म्हणून तुम्हाला ऐकायला नाय आलं."

हैबतरावाने पान जवळ ओढलं, वडा मोडला, खिरीत बुडवून तोंडात घातला आणि खाता खाताच रडायला लागला, मोठ्याने, गोदूबाई धावत बाहेर येईपर्यंत. त्याच्या अंगावरचं ओझं उतरताना बायजाला समोर दिसत होतं. ती तशीच पायरीपाशी उभी राहिली. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं, मोठ्याने नाही आणि हळूही नाही.